भिंतीची परीक्षा

घरांतील सर्व वस्तूंत भिंतीइतकी उपेक्षित वस्तु दुसरी नसेल. तिच्यावर दिनदर्शिका लागते, वडील माणसांच्या तसबिरी लागतात, घड्याळ लागतें. परंतु हें सारें ओझें एकत्र केलें तरी एका लहान मुलाच्या वजनाएवढेंही भरत नाहीं. एक खिळा आणि हातोडीचे चार ठोके, एवढ्यावर बहुतेकांचा भिंतीशीं संबंध संपतो. भिंतीच्या पोटांत काय आहे, हा प्रश्न ज्याला आयुष्यांत कधीं पडलाच नाहीं असा गृहस्थ शोधण्यास फार दूर जावें लागणार नाहीं. मात्र एखाद्या दिवशीं घरांत अशी वस्तु येते कीं, जी खिळ्याच्या भरंवशावर राहण्यास तयार नसते. आणि मग भिंतीची परीक्षा घेतल्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.

पेंढा भरलेलें जनावराचें मस्तक ही अशा वस्तूंपैकीं एक होय. पुण्यांतील एखादें जुनें कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. पेठेंत वाडा होता, आणि वाड्याच्या दिवाणखान्यांत गव्याचें मस्तक होतें. शिकारीस मोकळीक होती त्या काळांत आजोबांनीं सह्याद्रीच्या रानांत तो गवा मारला होता. तीन पिढ्यांनीं त्या शिंगांखालीं बसून सकाळचा चहा घेतला. पुढें वाडा पाडला गेला, त्याच्या जागीं उंच इमारत उभी राहिली, कुटुंबाला सहाव्या मजल्यावर चार खोल्या मिळाल्या, आणि गवा चादरींत गुंडाळलेला, भिंतीची वाट पाहत कोपऱ्यांत पडून राहिला. भोकें पाडण्याचें यंत्र घेऊन आलेला मुलगा भिंतीकडे एकवार पाहतो आणि म्हणतो, “चार स्क्रू मारले कीं झालें!” तो जेथें स्क्रू मारूं म्हणतो त्याच्या बरोबर खालीं कोच आहे, आणि त्या कोचावर घरांतली नात रोज संध्याकाळीं अभ्यासाला बसते. येथें प्रश्न केवळ शोभेचा राहत नाहीं.

भिंतीस हात लावण्यापूर्वीं मात्र एक कागद पाहावा लागतो. गवा हा आज कायद्यानें संरक्षित प्राणी आहे. वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ सालीं झाला, आणि त्याच्या पहिल्या अनुसूचींत गव्याचा समावेश आहे. ज्या जनावरावर आजोबांच्या पिढीनें बंदूक धरली, त्याच्यासाठींच १९५८ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांत दाजीपूरचें अभयारण्य राखण्यांत आलें, हा काळाचा पालटच म्हणावयाचा. अशा प्राण्याचें मस्तक घरीं ठेवावयाचें तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा मालकीचा दाखला असावा लागतो. पूर्वीं ज्यांनीं नोंद केली नव्हती त्यांना २००३ सालच्या नियमांनीं १८० दिवसांची एक संधि देण्यांत आली होती. असें मस्तक विकतां येत नाहीं. म्हणून जुन्या पेटींतील दाखला प्रथम बाहेर काढावा, त्यावरील वर्णन वस्तूशीं ताडून पाहावें, आणि दाखला नसेल तर वनखात्याशीं सरळ बोलावें. ज्या वस्तूचें घरांतलें स्थानच संशयास्पद, तिला भिंतीवर बळकट स्थान देऊन काय उपयोग?

कागदाचें काम आटोपलें म्हणजे वजनाचें येतें. येथें डोळ्यांवर विश्वास ठेवणें धोक्याचें असतें. म्हैसूरच्या सुप्रसिद्ध व्हान इंगेन यांच्या कारखान्यांत कागदाच्या लगद्याचे पोकळ साचे करून त्यांवर कातडें चढवीत. हा कारखाना विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून त्याच्या अखेरीपर्यंत चालला. दुसऱ्या कारागिरांनीं मात्र लाकूड, पेंढा, माती अथवा प्लास्टर भरून कामें केलीं. त्यामुळें बाहेरून सारखीं दिसणारीं दोन मस्तकें वजनांत एकमेकांच्या दुप्पटही भरूं शकतात. शिंगें आणि मागची जाड फळी यांचा भार वेगळाच. तेव्हां मस्तक तराजूवर अथवा वजनाच्या यंत्रावर ठेवून खरें वजन घ्यावें. हें करतांना हातांत मोजे व तोंडाला फडकें असावें. कारण जुन्या काळीं कातड्यास कीड लागूं नये म्हणून सोमलाचा साबण चोळण्याची पद्धत सर्रास होती. हें विष शंभर वर्षांनींही नाहींसें होत नाहीं. जुन्या मस्तकावरील धूळ कोरड्या कुंच्यानें झटकणें म्हणजे सोमल घरभर उडविणें होय, आणि लहान मुलांनीं त्याच्या नाकावरून हात फिरविणें हें कौतुकाचें नसून काळजीचें काम आहे.

वजन कळलें तरी अर्धेंच कळलें. मस्तकाचा भार नुसता खालीं ओढीत नाहीं. तो भिंतीपासून दूर ओढतो. तसबीर भिंतीला चिकटून असते, म्हणून तिचा भार जवळजवळ सरळ खालीं जातो. गव्याची मान मात्र खोलींत पुढें आलेली असते. तिच्या भाराचा मध्य कोठें आहे हें पाहण्यास सोपी युक्ति अशी : दोघांनीं मस्तक आडवें धरून कापड गुंडाळलेल्या एका दांड्यावर तोलावें. ज्या ठिकाणीं तें डगमगत कां होईना, पण समतोल राहतें, तेथून मागच्या फळीपर्यंतचें अंतर मोजावें. समजा, मस्तक ४० किलो आहे आणि हें अंतर १६ इंच भरलें. फळीचा वरचा बोल्ट आणि फळीचें खालचें टेकण यांत २० इंचांचें अंतर असेल, तर वरच्या बोल्टाला भिंतींतून बाहेर उपसणारी ओढ ३२ किलोंची होते. तीच फळी आंखूड असून हें अंतर १० इंचच असेल, तर ओढ ६४ किलो होते. म्हणजे मस्तकाच्या वजनापेक्षांही जास्त. गवा तोच, भिंत तीच, परंतु फळीची उंची निम्मी झाली एवढ्यानें भिंतीवरील संकट दुप्पट झालें. यावरून पहिला धडा मिळतो तो हा कीं, मस्तकाच्या मागें शक्य तितकी उंच व भक्कम फळी द्यावी, आणि तिचें खालचें टोक भिंतीला नीट टेकलेलें असावें.

त्या फळीचीही परीक्षा आधींच व्हावी. जुन्या मस्तकांच्या मानेंत लाकडाचा एक ठोकळा असतो आणि त्यांत लोखंडी आंकडा बसविलेला असतो. पन्नास पावसाळे पाहिलेला तो आंकडा वरून जाड दिसला तरी त्याचे मळसूत्री खिळे आंतून गंजून बारीक झालेले असतात, आणि ठोकळ्याला वाळवीनें पोखरलेलें असणेंही अशक्य नाहीं. अणकुचीदार टोचणीनें लाकूड टोंचून पाहावें; टोचणी लोण्यांत शिरावी तशी शिरली तर सुताराला बोलवावें. पुष्कळदां भिंत धड राहते आणि जनावर आपल्याच आंकड्यावरून निसटतें.

यानंतर जागेची निवड. पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत, विशेषतः कोंकणांत आणि मुंबईस पश्चिमेकडची, या कामास नालायक होय. ओलीनें कातडें फुगतें, उन्हाळ्यांत आक्रसतें, आणि या ओढाताणींत त्याची शिवण उकलते. शिवाय बुरशी येते आणि बोल्ट गंजतात तें निराळेंच. स्वयंपाकघराची वाफ, खिडकीचें ऊन आणि वातानुकूलन यंत्राचा झोत हेही टाळावे. छतावरच्या पंख्याचें पातें शिंगाला लागत नाहीं ना, हें पाहण्याचें भान पुष्कळांना पंखा सुरू केल्यावर येतें. विजेच्या बटणांच्या सरळ वर अथवा खालीं भोक पाडूं नये, कारण भिंतींत दडविलेल्या तारा बहुधा त्याच रेषेनें जातात; न्हाणीघराच्या भिंतींत पाण्याचे नळ असतात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, बिछाना, पाळणा, बैठक आणि दार यांच्या वर मस्तक कधींही नसावें. त्याच्या खालीं एखादें बुटकें कपाट ठेवावें, म्हणजे माणसाचें येणेंजाणें आपोआप बाजूनें होतें. कोच हलविणें हा भिंत बळकट करण्याहून स्वस्त उपाय आहे.

आतां प्रत्यक्ष भिंतीकडे वळावें. भिंतीवर जो गुळगुळीत थर दिसतो तो गिलावा. तो अर्धा-पाऊण इंच जाडीचा पोशाख आहे, शरीर नव्हे. गिलावा कसलाही भार धरीत नाहीं. बोल्टाची जी लांबी गिलाव्यांत गेली ती वायां गेली असेंच समजून हिशेब करावा. बोटांच्या पेरांनीं भिंत ठोकून पाहावी : भरीव भिंत मंद, घट्ट आवाज देते, पोकळ भिंत ढोलासारखी बोलते, आणि गिलावा सुटलेला असेल तेथें खडखड ऐकूं येते. मग फळीनें पुढें झांकली जाईल अशा जागीं बारीक पात्यानें एक भोक सावकाश पाडावें आणि खालीं कागद धरून पडणारी धूळ पाहावी. ही धूळ भिंतीची जन्मपत्रिकाच होय. तांबडी धूळ आली तर वीट, करडी आणि कठीण धूळ आली तर काँक्रीट. पांढरी भुकटी येत राहून पातें लोण्यांतून जावें तसें गेलें तर हलके ठोकळे अथवा प्लास्टरची पोकळ आडभिंत. आणि पातें एकदम पुढें धांवलें तर पोकळी.

प्रत्येक भिंतीचा स्वभाव वेगळा. वाड्यांची बांधणी सागवानी खांब आणि तुळया यांच्या चौकटीची असे. चौकटीच्या मधला भाग विटा आणि माती यांनीं भरीत. मातींतल्या विटांत ठोकलेला खिळा कालांतरानें ढिला होतो, हें जुन्या सुतारांना पक्कें ठाऊक होतें. म्हणून जड वस्तूचा आंकडा ते लाकडांत बसवीत. पेठेंतल्या त्या गव्याला इतकीं वर्षें भिंतीनें धरलें होतें असें घरच्यांना वाटत आलें. वस्तुतः त्याला धरलें होतें तें गिलाव्याआड लपलेल्या सागवानी खांबानें. वाडा पडतांना तो खांब लाकडाच्या वखारींत गेला, आणि नव्या घरीं फक्त गवाच आला.

कोंकण-गोव्याचा जांभा दगड खाणींतून काढतांना मऊ असतो आणि हवेंत कठीण होतो. पण त्याच्या अंगीं छिद्रें फार, म्हणून भोकाची कड ढांसळते. घाटावरचा काळा दगड वज्रासारखा, परंतु दोन दगडांमधली चुन्याची दरज कच्ची. भोक दगडांत पाडावें, दरजेंत नव्हे. मुंबईच्या जुन्या इमारतींतील जाड विटांच्या भिंती या कामास उत्तम, मात्र तेथेंही भोक विटेच्या मध्यावर यावें, कडेला नव्हे. आधुनिक उंच इमारतींत मात्र इमारतीचा भार काँक्रीटचे खांब आणि तुळया उचलतात; मधल्या भिंती नुसते पडदे असतात. त्या बहुधा चार ते सहा इंच जाडीच्या, हवेच्या बुडबुड्यांनीं भरलेल्या हलक्या ठोकळ्यांच्या बांधतात. सहाव्या मजल्यावर ज्या भिंतीकडे पाहून मुलगा चार स्क्रूंची गोष्ट बोलला ती अशीच होती.

स्क्रू धरतो कसा, हें समजून घेतल्यावांचून पुढचें पाऊल टाकूं नये. पूर्वीं भिंतींत लाकडाचा गट्टू ठोकून त्यांत खिळा मारीत. लाकूड पावसाळ्यांत फुगतें आणि उन्हाळ्यांत आटतें. त्यामुळें आषाढांत घट्ट असलेला खिळा फाल्गुनांत हलूं लागे. १९११ सालाच्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें भिंतींना इजा न करतां विजेचीं उपकरणें बसवावयाचीं होतीं, तेव्हां जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदारानें तागाच्या तंतूंची एक लहानशी नळी तयार केली. स्क्रू आंत गेला कीं ती नळी फुगे आणि भोकाच्या कडांना दाबून बसे. १९५८ सालीं जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनीं तिला नायलॉनचें रूप दिलें. आज बाजारांत जी प्लास्टिकची गिट्टी मिळते ती याच वंशांतली, आणि पोलादी फुगणारा बोल्ट हा तिचा थोरला भाऊ. या साऱ्यांचें बळ एकाच गोष्टींत आहे : तीं फुगून भिंतीला दाबतात, आणि भिंत उलट दाबते. ज्या भिंतीला उलट दाबण्याची ताकद आहे, म्हणजे काँक्रीट, कठीण दगड अथवा पक्की वीट, तेथें हा उपाय खात्रीचा. जेथें ती ताकद नाहीं तेथें बोल्ट जितका आवळावा तितकी भिंत आंतून फुटते, आणि वरून कांहीं दिसत नाहीं.

अशा मऊ भिंतीसाठीं दुसरा मार्ग आहे. भोकांत रासायनिक चिकट द्रव भरून त्यांत आटे पाडलेली पोलादी कांब बसवितात. द्रव कठीण झाला कीं कांब आणि भिंत एकजीव होतात, आणि फुगण्याचा दाब भिंतीवर पडत नाहीं. पोकळ ठोकळ्यांत त्याबरोबर जाळीची नळी घालावी लागते. मात्र भोकांतली धूळ ब्रशानें व फुंकणीनें दोनतीनदां काढलीच पाहिजे. नाहीं तर द्रव भिंतीला न चिकटतां धुळीला चिकटतो. याहूनही निर्धोक मार्ग म्हणजे बोल्ट भिंतींतून आरपार नेऊन पलीकडच्या खोलींत रुंद पोलादी पत्र्यावर चाकी लावून आवळणें. त्यामुळें भार एका बिंदूवर न पडतां भिंतीच्या मोठ्या भागावर पसरतो. आणि सर्वांत जुना मार्ग तोच सर्वांत चांगला : इमारतीचा काँक्रीटचा खांब शोधावा, सोसायटीची संमति घ्यावी, आणि गव्याला त्या खांबावर न्यावें. भोक पाडतांना आंतल्या सळईला पातें अडलें तर बळ न करतां भोक दोन इंच सरकवावें. खांब मिळाला म्हणजे गवा पुन्हां वाड्यांतल्याप्रमाणें घराच्या सांगाड्यावर बसला.

मस्तक थेट बोल्टांवर टांगण्यापेक्षां भिंतीवर आधीं सागवानाची आडवी पट्टी बसवावी. तिची वरची कड भिंतीकडे उतरती कापावी, आणि मस्तकाच्या फळीमागें तशीच उलटी कापलेली दुसरी पट्टी लावावी. एक दुसरींत अडकली कीं मस्तकाचा भारच त्याला भिंतीकडे ओढून धरतो. पट्टी पाणसळीनें सपाट बसवावी. फळी बसल्यावर तिच्या खालच्या टोकाला एक स्क्रू द्यावा, म्हणजे धक्क्यानें मस्तक उडून निसटणार नाहीं. १९६७ सालीं कोयनेला आणि १९९३ सालीं किल्लारीला जमीन कशी हादरली, हें ज्या प्रांतानें पाहिलें आहे त्याला या एका स्क्रूचें महत्त्व सांगावयास नको.

सारी सिद्धता झाल्यावरही मस्तक त्याच दिवशीं चढवूं नये. प्रथम त्या पट्टीवर एक साधी लाकडी कमान अडकवावी. तिची फळी मस्तकाच्या फळीइतकीच उंच असावी आणि तिचें टोक मस्तकाच्या भारमध्याइतकेंच पुढें यावें. त्या टोकाला वाळूचीं पोतीं टांगावीं, आणि हळूहळू त्यांचें वजन मस्तकाच्या दुप्पट करावें. खालीं गादी पसरावी, खोलीचें दार लावून घ्यावें, आणि एक रात्र जाऊं द्यावी. पट्टी आणि भिंत यांच्या सांध्यावर पेन्सिलीनें एक बारीक रेघ आधींच ओढून ठेवावी. सकाळीं ती रेघ जागची हलली नसेल, गिलाव्याला तडा नसेल आणि जमिनीवर धूळ पडलेली नसेल, तर भिंत परीक्षेस उतरली असें समजावें. यानंतरही दर वर्षीं पावसाळा सरल्यावर बोल्ट आणि रेघ पाहण्याचा नेम असावा.

आणि भिंत उतरली नाहीं तर? पुष्कळ घरांत हेंच उत्तर येईल, आणि त्यांत अपमान मानण्याचें कारण नाहीं. सुताराकडून रुंद पायाची, मागें भिंतीला टेकणारी उभी चौकट करून घ्यावी आणि मस्तक तिच्यावर बसवावें. मग भार जमिनीवर जातो. भिंतीला फक्त चौकट पुढें कलंडूं न देण्याचें हलकें काम उरतें. गवा थोडा खालीं येतो, एवढाच फरक. मात्र त्याच्या भोंवतीं कांचेची पेटी असावी, म्हणजे मुलांचे हात सोमलापर्यंत पोंचणार नाहींत.

रानांत असतांना त्या जनावराचें सारें ओझें त्याच्या स्वतःच्या चार पायांवर होतें. माणसानें तें मस्तक घरीं आणलें तेव्हां त्या ओझ्याची जबाबदारीही माणसानें आपल्याकडे घेतली. आजोबांनीं ती एका सागवानी खांबावर सोंपविली आणि ते निश्चिंत झाले. नातवंडांना तो खांब पुन्हां शोधावा लागतो. तो सांपडेपर्यंत गवा चादरींत राहिला तर कांहीं बिघडत नाहीं. नातीचा कोच मात्र आजच दुसऱ्या भिंतीकडे सरकवावा.